तापानंतर चुकणारा ठोका: आधी तो कागदावर पकडा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमचे वय 36, तुम्ही इंदिरानगरला राहता आणि शाळेत शिकवता. सप्टेंबरमध्ये घरातल्या सगळ्यांना एकापाठोपाठ ताप आला. तुमचा ताप सहा दिवस टिकला, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली आणि खोकला पुढे पंधरा दिवस रेंगाळला. ताप जाऊन दोन महिने झाले, तरी छातीत अधूनमधून ठोका चुकल्यासारखा होतो, पाठोपाठ एक जोराचा धक्का बसतो आणि रात्री डाव्या कुशीवर वळले की हे अधिक जाणवते. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत चढले की नाडी 130 पर्यंत जाते, आणि मनगटावरचे घड्याळ कधीकधी 42 असा आकडा दाखवून तुम्हाला आणखी घाबरवते. एका डॉक्टरांनी कार्डिओग्राम पाहून ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगितले. दुसऱ्यांनी प्रोप्रॅनोलॉलची गोळी लिहून दिली, ती आणून ठेवली आहे पण घेतलेली नाही. सासूबाई रोज सकाळी काढा देत आहेत. हृदयाला कायमची इजा झाली आहे का, गोळी जन्मभर घ्यावी लागेल का आणि चैत्रात वणीच्या गडावर जाता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी नाशिकमध्ये पंचवीस वर्षांहून अधिक काळ फिजिशियन म्हणून काम करतो. पावसाळा संपता संपता आणि दिवाळीच्या आगेमागे हीच तक्रार घेऊन येणारे रुग्ण मी दरवर्षी पाहतो. तरीही तुमची छाती स्टेथोस्कोपने न ऐकता आणि तुमचे कागद न पाहता मी जे लिहितो आहे ते निदान नव्हे. विचार कोणत्या क्रमाने करावा, एवढेच मी सांगू शकतो.

तुमची खरी अडचण अशी आहे की ‘अनियमित ठोके’ या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि तुमच्या बाबतीत त्यांतली कोणती आहे हे अजून कोणी कागदावर पकडलेलेच नाही. साध्या कार्डिओग्राममध्ये हृदयाचे जेमतेम दहा सेकंद टिपले जातात. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसभरात हृदय सुमारे 1,00,000 वेळा आकुंचन पावते. त्यांतले दहा-बारा ठोके पाहून उरलेल्यांविषयी ‘काही नाही’ असे म्हणणे घाईचे आहे. त्या कार्डिओग्रामचा उपयोग नाही असे मात्र समजू नका. हृदयाची मूळ विद्युतव्यवस्था ठीक आहे का, जुन्या झटक्याची खूण आहे का, क्यूटी नावाचे अंतर (प्रत्येक ठोक्याला खालच्या कप्प्यांची विद्युतक्रिया पूर्ण व्हायला लागणारा वेळ) वाढले आहे का, हे सारे त्यातून कळते आणि तो चांगला असणे ही दिलाशाची गोष्ट आहे. फक्त तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

तुमच्या वर्णनावरून मला सर्वांत जास्त शक्यता वाटते ती एक्टोपिक ठोक्यांची. हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या वरच्या भागात साइनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. ताल तो देतो आणि बाकीचे हृदय तो पाळते. कधीकधी दुसरीकडचीच एखादी पेशी आपली पाळी येण्याआधी ठिणगी टाकते आणि हृदय अवेळी आकुंचन पावते. तेव्हा कप्पे पुरते भरलेले नसतात, त्यामुळे त्या ठोक्याने फारसे रक्त पुढे जात नाही आणि तो जाणवतही नाही. त्यानंतर छोटा विराम पडतो, त्या अवधीत हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका जोराने पडतो. तुम्हाला जे ‘चुकणे’ वाटते तो हा विराम, आणि जो धक्का वाटतो तो खरे तर निरोगी ठोकाच, जरा जास्त भरलेल्या हृदयाचा. डाव्या कुशीवर हृदयाचे टोक छातीच्या भिंतीला अधिक टेकते आणि रात्री दुसरे कोणतेही काम मनाला नसते, म्हणून ही गोष्ट अंथरुणातच मोठी होते.

घड्याळातल्या 42 चे कोडेही बहुधा इथेच सुटते. एक नियमित ठोका, एक अवेळी ठोका, अशी जोडी काही मिनिटे चालू राहिली तर अवेळी ठोक्याची लाट मनगटापर्यंत पोहोचत नाही आणि घड्याळ निम्मेच ठोके मोजते. हृदय 84 ने चालू असते आणि घड्याळ 42 दाखवते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि दंडाचे बीपी यंत्र हीच चूक करतात. म्हणून पुढच्या वेळी असा आकडा दिसला तर घाबरण्याआधी घरातल्या कोणाला तरी छातीवर कान लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायला सांगा. छातीवरही 42 च भरले, किंवा त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, कारण मग तो घड्याळाचा दोष नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ताल नियमित पण वेग जास्त. ही तुमच्या जिन्याच्या तक्रारीशी जुळते. पाच-सहा दिवस अंथरुणात पडून राहिले की शरीरातले रक्तद्रव कमी होते, स्नायू ढिले पडतात आणि पूर्वी सहज होणाऱ्या कामालाही हृदयाला जास्त वेगाने पळावे लागते. हाताखाली वह्यांचा गठ्ठा घेऊन तीन मजले चढल्यावर 130 ही संख्या मला अजिबात भीतिदायक वाटत नाही. ती पाच मिनिटांत 100 च्या खाली उतरते की नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. काही जणांत विषाणूच्या आजारानंतर स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल बिघडतो. अशा माणसाची नाडी नुसते उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत 30 किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढते, रक्तदाब मात्र फारसा पडत नाही, आणि डोके हलके होणे, हातपाय थरथरणे, थकवा अशी लक्षणे महिनोन्‌महिने टिकतात. याला पॉट्स म्हणतात, आणि कोविडनंतर हे नाव बरेच ऐकू येऊ लागले. घरी पडताळा घेता येतो: दहा मिनिटे शांत पडून नाडी मोजा, मग उभे राहून दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला मोजा आणि चारही आकडे वहीत लिहा. जवळ कोणीतरी असू द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे एकदम बटण दाबल्यासारखी सुरू होणारी आणि तशीच एकदम थांबणारी 150 ते 200 च्या घरातली धडधड. तुम्ही तसे लिहिलेले नाही, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. चौथी एट्रियल फिब्रिलेशन. यात ठोक्यांना कसलाच ताल राहत नाही; नाडीवर बोट ठेवले तर दोन ठोक्यांमधले अंतर सतत बदलत राहते. ही साठीनंतर अधिक दिसते, पण आपल्याकडे लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप आकसलेल्या तरुण स्त्रियांमध्येही ती आढळते, म्हणून लहानपणी सांधे सुजून महिनोन्‌महिने पेनिसिलिनची इंजेक्शने घेतली होती का, हे आईला एकदा विचाराच. या प्रकारात हृदयात गुठळी होऊन अर्धांगवायूचा धोका असतो आणि वय, रक्तदाब, मधुमेह, झडपेची स्थिती पाहून रक्त पातळ करणारे औषध द्यायचे की नाही हे ठरवावे लागते. इतर तिघांपेक्षा इथला हिशेबच वेगळा आहे, आणि नुसत्या वर्णनावर निदान करू नये ते एवढ्यासाठीच. (नाशिकला वाइनचे शहर म्हणतात, म्हणून इतर वाचकांसाठी एक गोष्ट: शनिवार-रविवारी मद्य जरा सढळ हाताने झाले आणि सोमवारी सकाळी नाडी बेताल धावू लागली, असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण ‘फक्त वाइन’ घेतल्याचे समाधान होते.)

आता विषाणूचा याच्याशी संबंध काय, या भागाकडे वळतो, कारण तुमच्या भीतीचे मूळ तिथे आहे. ताप असताना हृदय वेगाने चालते, साधारणपणे तापमानाच्या प्रत्येक सेल्सिअस अंशामागे दहाएक ठोके वाढतात, हे सर्वांनाच होते आणि तापाबरोबर जाते. ताप गेल्यावरही जे उरते त्याची कारणे बहुतेक वेळा अगदी साधी असतात: अपुरी झोप, कमी पाणी, कमी जेवण, रक्तातले कमी झालेले हिमोग्लोबिन आणि शरीरात अजून चढलेले ॲड्रिनॅलिन. ताप-उलट्यांत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरते आणि हृदयाच्या पेशी चिडखोर होतात. एक कारण मात्र नेहमी निसटते आणि तुमच्यासारख्या तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांमध्ये मी ते मुद्दाम शोधतो. विषाणूच्या आजारानंतर काही आठवड्यांनी थायरॉइड ग्रंथीला सूज येते, गळ्याच्या पुढच्या भागात दुखते, ती कळ कानाकडे किंवा जबड्याकडे जाते, आणि साठवलेले संप्रेरक एकदम रक्तात येऊन धडधड, घाम आणि थरथर सुरू होते. रुग्णाला वाटते की घसाच पुन्हा बसला, आणि त्याला पुन्हा प्रतिजैविक मिळते. टीएसएच ही थायरॉइडची एक साधी रक्ततपासणी केली तर हे उघड होते.

औषधांचाही हिशेब मांडा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिनसारखे द्रव्य असते, खोकल्यासाठी दिलेल्या साल्ब्युटामॉलच्या वाफेने किंवा सिरपने आणि थिओफिलिनच्या गोळ्यांनी हृदय धडधडते, ॲझिथ्रोमायसिनने काहींच्या कार्डिओग्राममधले क्यूटी अंतर वाढते. तुमचा आजार दोन महिन्यांपूर्वीचा असल्यामुळे तेव्हाच्या औषधांचा परिणाम आता उरलेला नसणार. पण खोकल्याचे सिरप अजून रात्री ‘एक झाकण’ चालू असेल तर ते बंद करा.

आणि काढा. सासूबाईंच्या मायेबद्दल मला काही म्हणायचे नाही, आणि तुळस, आले, गवती चहा यांच्याशी माझे भांडण नाही. पण काढ्यात ज्येष्ठमध किती पडतो हे जरूर विचारा. ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिन रोजच्या रोज, आठवडेच्या आठवडे पोटात गेले तर शरीर मीठ धरून ठेवते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते; आणि पोटॅशियम उतरले की एक्टोपिक ठोके वाढतात. बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असलेल्या माणसाने तर हा काढा रोज घेऊच नये. सासूबाईंना सरळ ‘डॉक्टरांनी बंद सांगितला’ असे म्हणून त्यांचे मन मोडण्यापेक्षा ‘ज्येष्ठमध वगळून करू या’ असे सांगितले तर घरातली शांतताही टिकेल.

राहता राहिली ती खरी काळजीची गोष्ट: विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज आली होती का? मायोकार्डायटिस म्हणजे हेच. कॉक्सॅकी, ॲडिनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा, कोविडचा विषाणू, आणि आपल्याकडे डेंग्यूही, यांच्यामुळे ती होऊ शकते. आजारी पडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती होते, पण ज्यांना होते त्यांच्यात ती हलक्या छातीदुखीपासून जीवघेण्या तालबिघाडापर्यंत कोणतेही रूप घेते. बरीच वर्षे झाली, अंबडच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण तापानंतर आठव्या दिवशी ‘छातीत जड वाटते’ म्हणून माझ्याकडे आला होता. वय पाहून आणि पावसाळ्यातली गर्दी पाहून मी त्याला विश्रांती आणि ॲसिडिटीची गोळी सांगितली. चार दिवसांनी तो उशीला टेकून बसल्याशिवाय झोपता येईना अशा अवस्थेत परत आला. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची पंप करण्याची क्षमता, जी साधारण 55 टक्क्यांच्या वर असायला हवी, ती 35 होती. तो वाचला, आणि सहा महिन्यांत ती क्षमता पन्नाशीच्या पुढे आली. पण त्या दिवसापासून तापानंतर छातीची तक्रार सांगणाऱ्याला वयाकडे पाहून मी परत पाठवत नाही.

तुमच्या लिहिण्यात त्याच्यासारख्या खुणा दिसत नाहीत: आजारपणात छातीत दुखले नाही, सपाट झोपल्यावर दम लागत नाही, पायांना सूज नाही, चक्कर येऊन तुम्ही पडलेल्या नाहीत. म्हणून माझा अंदाज चांगल्याकडे झुकतो. तरी तो अंदाजच आहे, आणि त्याला कागदाचा आधार द्यायला हवा.

त्यासाठी मी काय करतो ते सांगतो. टू-डी इको एकदा करून घ्यावा. हृदयाची रचना आणि पंपाची ताकद चांगली आहे हे कळले की जवळजवळ अर्धी भीती तिथेच संपते. रक्तातले हिमोग्लोबिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि टीएसएच पाहावे. ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी ऐन आजारात मोलाची असते. दोन महिन्यांनी ती नॉर्मल आली तरी तेव्हा सूज होती की नव्हती हे सांगत नाही, म्हणून आता तिच्यावर पैसे घालवायची गरज मला दिसत नाही. कार्डियाक एमआरआयने स्नायूतला व्रण दिसू शकतो, पण तो सरसकट करायचा नसतो. इकोत काही वावगे दिसले, कार्डिओग्राम बदललेला असेल किंवा होल्टरमध्ये, म्हणजे दिवसभराच्या कार्डिओग्राममध्ये, लागोपाठ अवेळी ठोक्यांच्या माळा सापडल्या, तरच त्याचा विचार करावा.

सर्वांत महत्त्वाचा होल्टर. छातीला चकत्या चिकटवून कमरेला छोटे यंत्र लावतात आणि 24 तासांचा प्रत्येक ठोका नोंदला जातो. तो लावाल तो दिवस विश्रांतीचा निवडू नका. शाळेत जा, जिने चढा, नेहमीचा चहा घ्या, रात्री डाव्या कुशीवर झोपा. ठोके चुकायलाच हवेत, नाहीतर तो दिवस फुकट जातो. ठोका चुकल्यासारखा वाटला की वेळ लिहा. नंतर तुमची वेळ आणि यंत्राची नोंद शेजारी शेजारी ठेवता येते, आणि कधी असेही निघते की रुग्णाला धडधड झाली त्या मिनिटाला ताल अगदी सुरळीत होता. तेही उपयोगाचे उत्तर आहे. तक्रार रोज नसेल तर सात किंवा चौदा दिवसांचा पॅच मिळतो. आणि त्रास चालू असतानाच जवळच्या एखाद्या दवाखान्यात पोहोचता आले तर तिथे कार्डिओग्राम काढायला सांगा आणि लीड दोनची लांब पट्टी मागा. अशी ऐन वेळची एक पट्टी नंतरच्या दहा नॉर्मल कार्डिओग्रामांपेक्षा मला जास्त सांगते.

होल्टरच्या अहवालात समजा ‘एकूण व्हीपीसी 640’ असे छापून आले. व्हीपीसी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून आलेले एक्टोपिक ठोके. तो आकडा पाहून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. पण 640 ला 1,00,000 ने भागा: शंभरातला एक ठोकाही भरत नाही. पूर्णपणे निरोगी माणसाला होल्टर लावला तरी काही एक्टोपिक निघतातच. त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली असेल आणि इको चांगला असेल, तर या ठोक्यांमुळे हृदय थकल्याचे क्वचितच दिसते. वीस टक्क्यांच्या पुढे गेले तर स्नायू हळूहळू अशक्त होण्याची शक्यता वाढते, आणि तेव्हा औषध किंवा ॲब्लेशनचा (नळी घालून ती चिडखोर जागा निकामी करण्याचा) विचार हृदयाच्या विद्युतव्यवस्थेच्या तज्ज्ञांकडे करावा लागतो. संख्येबरोबर मी आणखी दोन गोष्टी पाहतो: ठोके एकेकटे आहेत की तीन-चार किंवा अधिक सलग येतात, आणि परिश्रमाने ते कमी होतात की वाढतात. चालायला लागल्यावर विरून जाणारे एक्टोपिक सहसा निरुपद्रवी असतात; चढण लागताच वाढणारे असतील तर ट्रेडमिल तपासणी झाल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आता त्या प्रोप्रॅनोलॉलबद्दल. ते औषध वाईट नाही; ॲड्रिनॅलिनचा जोर ते कमी करते आणि धक्के सौम्य वाटू लागतात. पण ते तुमची जाणीव कमी करण्यासाठी आहे, हृदय वाचवण्यासाठी नाही, म्हणून ते घ्यायचे की नाही हे तुमच्या त्रासावर ठरते आणि जन्मभराचा प्रश्न इथे येतच नाही. दमा असेल तर हे औषध घेऊ नये. तुमचा खोकला पंधरा दिवस रेंगाळला होता आणि तेव्हा छातीत शिट्टी वाजत होती का, हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पहिली गोळीही घेऊ नका. काही आठवडे घेतल्यावर ते मनाने एकदम बंदही करू नये, कमी करत थांबवावे. शक्य असेल तर मी होल्टर आधी करतो आणि गोळी नंतर देतो, म्हणजे खरे चित्र दिसते.

सगळे एक्टोपिक औषधाने पुसून का टाकत नाही, असे मला रुग्ण नेहमी विचारतात. आम्हा डॉक्टरांनाही एके काळी तेच योग्य वाटत होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे एक्टोपिक दाबण्यासाठी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे देऊन पाहणारी कास्ट नावाची मोठी चाचणी झाली. औषधांनी ठोके छान दबले, पण ती घेणाऱ्यांत मृत्यू वाढल्याचे 1989 मध्ये उघड झाले आणि तो भाग थांबवावा लागला. ते रुग्ण तुमच्याहून फार वेगळे होते. तरीही कार्डिओग्राम सुंदर दिसणे आणि माणूस सुरक्षित असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आमच्या पिढीने त्या चाचणीतून शिकून घेतले.

‘टेन्शन घेऊ नका’ या वाक्याबद्दलही लिहायला हवे, कारण तुमच्या प्रश्नातला राग मला जाणवला आणि तो मला रास्त वाटतो. तुम्हाला जाणवते ते खरेच घडते आहे. ‘काही नाही’ असे सांगितले की रुग्णाला वाटते, डॉक्टरांना सापडले नाही. आणि मग तो स्वतःच शोधू लागतो. दर दहा मिनिटांनी नाडी, रात्री दोनदा घड्याळ, मग इंटरनेट. भीतीने ॲड्रिनॅलिन वाढते, त्याने ठोके वाढतात आणि ठोक्यांनी भीती. 2006 साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली तेव्हा मलाही तो झाला होता, आणि सांधे मोकळे झाल्यावर तीनेक महिने माझे ठोके असेच चुकत होते. या विषयाचे पुस्तकी ज्ञान असूनही रात्री अडीच वाजता माझे बोट मनगटावर जायचेच. मला उपयोग झाला तो एका नियमाचा: नाडी दिवसातून एकदाच, सकाळी उठल्यावर, पूर्ण मिनिटभर मोजायची, वहीत लिहायची आणि वही मिटायची. तुम्ही घड्याळ रात्री काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. माझे एक्टोपिक पूर्ण गेले नाहीत. जागरण झाले की आजही येतात, आणि मी त्यांना ओळखतो.

चहा सोडावा का? सरसकट नाही. काहींना चहा-कॉफीने फरक पडतो, काहींना मुळीच नाही. सगळे एकदम सोडले तर कशाने गुण आला ते कळत नाही. म्हणून एक आठवडा फक्त दुपारनंतरचा चहा बंद करून पाहा, पुढचा आठवडा फक्त रात्रीचे जेवण आठच्या आत घेऊन पाहा. भरल्या पोटी आडवे झाले की ठोके जाणवतात, आणि ‘हे गॅसमुळे होते’ या समजुतीत तेवढाच सत्याचा अंश आहे. घरात कोणाला मिसरी किंवा तंबाखूची सवय असेल तर तिथे मात्र प्रयोग नको, ती सोडायचीच. पाणी दिवसाला अडीच लिटरच्या आसपास घ्या. मीठ वाढवण्याचा सल्ला पॉट्स असलेल्यांना आम्ही देतो, पण रक्तदाब मोजल्याशिवाय तो कोणी स्वतःला लागू करू नये.

व्यायामाचे सारे गणित इकोवर अवलंबून आहे. मायोकार्डायटिसची शंका जरी असली तरी तीन ते सहा महिने दमछाक करणारा व्यायाम वर्ज्य, कारण सुजलेल्या स्नायूवर ताण पडला तर घातक तालबिघाड होऊ शकतो. अशा वेळी ‘घाम गाळून अशक्तपणा काढू’ हा हट्ट धोक्याचा आहे. इको, कार्डिओग्राम आणि होल्टर तिन्ही ठीक असतील तर उलट सांगेन: पडून राहू नका. गोदाकाठी किंवा घराजवळच्या जॉगिंग ट्रॅकवर पंधरा मिनिटे, चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या वेगाने चाला, आणि दर आठवड्याला पाचच मिनिटे वाढवा. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेले तर एक पायरी मागे या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची धडधड तीन ते सहा महिन्यांत ओसरते, पण ती सरळ रेषेत ओसरत नाही. चार चांगल्या दिवसांनंतर एक वाईट दिवस येतो आणि तो आजार उलटल्याचे लक्षण नसते. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत ठोके वाढल्याचेही अनेकींनी मला सांगितले आहे, तेव्हा वहीत ती तारीखही टिपत चला.

थांबून वाट पाहायची नाही अशा वेळा कोणत्या, ते घरातल्यांनाही वाचून दाखवा. शुद्ध हरपली, विशेषतः चालताना किंवा जिना चढताना. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला. शांत बसलेले असताना नाडी 120 च्या वर गेली आणि अर्ध्या तासात उतरली नाही. झोपल्यावर दम लागू लागला. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूची ताकद गेली. यांपैकी काहीही झाले तर 108 ला फोन करा आणि सरळ रुग्णालयात जा, दवाखाना उघडायची वाट पाहू नका. जवळच्या रक्ताच्या नात्यात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेले असेल तर ती गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा; तिच्यामुळे माझ्यासारख्याचा सगळा विचार बदलतो.

वणीबद्दल. चैत्राला अजून चार-पाच महिने आहेत. तपासण्या ठीक आल्या आणि चालणे आत्ता सुरू केले तर पाचशेच्या आसपास पायऱ्या चढणे तुम्हाला जमायला हरकत नाही. आधी फेब्रुवारीत एखाद्या सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या सावकाश चढून पाहा. वर पोहोचल्यावर पाच मिनिटांत नाडी उतरली आणि चढताना ठोके वाढले नाहीत, तर गडाची तयारी झाली असे समजा. मात्र राम नवमी ते चैत्र पौर्णिमा या दिवसांत तिथे गर्दी आणि ऊन दोन्ही कडक असते. पहाटे चढा, उपाशी चढू नका, आणि त्या दिवशी रात्रभर जागरण झालेले असेल तर फ्युनिक्युलर ट्रॉलीने जाण्यात कमीपणा मानू नका. इकोत काही निघाले तर यंदा ट्रॉलीच.

होल्टर झाला की अहवालातल्या चार गोष्टी मला लिहून कळवा: 24 तासांतले एकूण ठोके, त्यांतले व्हीपीसी आणि एपीसी (वरच्या कप्प्यांतले एक्टोपिक) किती, सलग तीन किंवा अधिक ठोक्यांची नोंद आहे का, आणि सर्वांत लांब विराम किती सेकंदांचा. सोबत उभे राहून मोजलेले नाडीचे आकडे आणि काढ्यातल्या जिनसांची यादीही द्या.